जपान: आई-आप्पांना घेऊन जायलोय, यादीतलं काय ठेवू आणि काय उडवू?

भुईकोट८४

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच विचारायलोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या. झालंय असं की आप्पांची पॉलिसी मॅच्युअर झाली आणि आईनं जाहीर करून टाकलं की काशी झाली, रामेश्वर झालं, आता एकदा विमानात बसून लांब जायचं. लांब म्हणजे कुठं तर जपान. का तर टीव्हीवर ती बुलेट ट्रेन आणि गुलाबी फुलांची झाडं बघितली होती, बास.

माणसं पाच. आप्पा ७१, आई ६६, मी, बायको आणि सहावीतली मुलगी. दहा दिवस हातात आहेत. एका टूरवाल्यानं कागद दिलाय त्यात तोक्यो, फुजी, हाकोने, क्योटो, नारा, ओसाका, हिरोशिमा धरून एकूण २३ ठिकाणं आहेत, त्यातली मी मोजली तर निम्मी देवळं. आप्पांनी चष्मा लावून पूर्ण यादी वाचली आणि एकच विचारलं, "सोलापुरात देवळं कमी पडली का?"

आप्पांचं सांगायचं तर ३८ वर्षं मागावर काढलीत, आधी मिलमध्ये, मिल बंद पडल्यावर एमआयडीसीत यंत्रमागावर. मागाच्या कृपेनं एका कानाला मशीन आहे आणि उजवा गुडघा जिना बघितला की संप करतो. आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मुलीला शाळा आहे म्हणून मे महिना बरा पडतो, नाहीतर दिवाळीची सुट्टी थोडी ताणून नोव्हेंबर. जे जाऊन आलेत त्यांनी खरं खरं सांगा की, फोटोत दिसतं तसं आहे का सगळं? कुठं पैसे आणि पाय वाया जातात?

तोक्योवहिनी

मी तोक्योतल्या निशीकासाईत राहते, नऊ वर्षं झाली, माहेर सोलापूरची साखर पेठ. त्यामुळं हक्कानं सांगते, मे नको. २९ एप्रिल ते ५ मे इथं गोल्डन वीक असतो, सगळा जपान सुट्टीवर निघतो, ट्रेन फुल्ल, हॉटेलचे दर डोळे पांढरे करणारे. त्यानंतर आठवडाभरानं आलात तर हवा छान असते, पण ती गुलाबी फुलं तोक्यो-क्योटोत मार्च अखेर ते एप्रिल सुरुवातीलाच उरकतात, मे महिन्यात चेरी शोधाल तर हिरवी पानं बघून परत जाल. जूनमध्ये पावसाळा लागतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत क्योटोत मेपलची पानं लालभडक होतात, आकाश स्वच्छ, फुजी दिसायची शक्यता पण जास्त. मुलीच्या शाळेचे चार दिवस बुडाले तर बुडू द्या.

आता आईंचं जेवण, कारण खरी अडचण तीच आहे. इथं मासा "दिसत" नाही तेव्हाही असतो. दाशी नावाचं पाणी असतं, वाळवलेल्या माशाच्या किसापासून केलेलं, ते सूपमध्ये, नूडल्सच्या रश्श्यात, भाजीच्या शिजवणीत, सगळीकडं. वेटरला "नो मीट" सांगितलं की तो मान डोलावतो आणि मांस काढतो, मासा काढत नाही, त्याच्या लेखी मासा म्हणजे मीट नव्हेच. दुकानातली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घेताना उमेबोशीची घ्या, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, पण तीवरचं लेबलसुद्धा फोनचा कॅमेरा धरून वाचा, कधी कधी त्यातही माशाचा अर्क निघतो. मोठ्या शहरांत इंडियन रेस्टॉरंट भरपूर आहेत, आमच्या निशीकासाईत तर इडली-डोसा पण मिळतो. आणि सरळ उपाय म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी विमानाचा प्रवास करायलाच जन्माला आलीय. फक्त मांसाचं काही बॅगेत घालू नका, ते कस्टमला चालत नाही.

देवळांचं म्हणाल तर आप्पांचं बरोबर आहे पण आईंसाठी एक दोन ठेवा. असाकुसाचं सेन्सोजी सगळेच बघतात, तिथली देवी कान्नोन म्हणजे मुळात आपल्याकडचा अवलोकितेश्वर. तिथं डबा हलवून काडी काढायची आणि नंबर बघून भविष्याची चिठ्ठी घ्यायची, वाईट निघालं तर चिठ्ठी तिथल्याच तारेवर बांधून मोकळं व्हायचं, घरी न्यायची नाही. मला हा हिशेब फार आवडतो. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर नदीच्या बाजूला मात्सुचियामा शोदेन म्हणून छोटं देऊळ आहे, टूरवाले नेत नाहीत. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, झाकलेली असते. आणि नैवेद्य काय तर पांढरा मुळा. लोक अख्खा मुळा घेऊन येतात आणि देवापुढं ओळीत मांडतात, भिंतीवर-पायऱ्यांवर पण मुळ्याची चित्रं कोरलेली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मोदक कुठं दिसतोय का बघत होते.

हो आणि बाथरूमची काळजी करू नका, इथं जवळपास सगळीकडं पाण्याची सोय असते, तीही गरम पाण्याची. युरोपला जाऊन आलेल्यांना विचारा त्याची किंमत.

पायदुखी_क्लब

वहिनी छान लिहिलंय पण थोडं कडू कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून मी सांगतो. आम्ही एप्रिलमध्ये ग्रुपनं गेलो होतो, आठ दिवसांत अकरा देवळं, रोजची वीस-बावीस हजार पावलं (घड्याळ पुरावा आहे). शेवटी शेवटी कुठलं देऊळ कुठलं हे फोटोतल्या माझ्या शर्टाच्या रंगावरून ओळखायची वेळ आली.

किंकाकुजी, सोन्याचं देऊळ. तळ्याकाठी सोन्याचा पत्रा चढवलेलं, सकाळी ऊन पडलं की खरंच झगमगतं, नाही कशाला म्हणू. पण आत जाता येत नाही, वन-वे रस्ता, फोटो काढा आणि सरका, सगळं अर्ध्या तासात. वर गाइड सांगतो की मूळचं देऊळ १९५० साली एका तरुण भिक्षूनंच पेटवून दिलं आणि आत्ताचं १९५५ मध्ये परत बांधलंय. म्हणजे आमच्या वडिलांपेक्षा देऊळ धाकटं. मग गिंकाकुजी, चांदीचं देऊळ. तिथं चांदीचा एक कण नाही! नाव तेवढं चांदीचं, देऊळ साधं लाकडाचं. बाग सुंदर आहे हे मान्य, पण नाव ऐकून गेलेल्या माझ्या सासूबाई अजून विचारतात चांदी कुठं होती म्हणून.

फुजी: कावागुची तळ्याच्या काठावर तीन तास बसून ढग बघितले. ३७७६ मीटरचा डोंगर लपतो कसा हेच कळत नाही. आराशियामाचं बांबूचं बन: सकाळी सातच्या आत जाणार असाल तर बांबू दिसतील, दहा वाजता गेलात तर माणसांची डोकी. ओसाकाचा किल्ला बाहेरून भारी, आत गेलो तर लिफ्ट! नंतर कळलं की ती इमारत १९३१ सालची काँक्रीटची आहे. आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला पडका का असेना, खराखुरा तरी आहे.

तोक्योवहिनी

@पायदुखी_क्लब ओसाकाच्या लिफ्टला नावं ठेवू नका हो, यांच्या आप्पांचा गुडघा आठवा, त्यांना तेवढा एकच किल्ला वरपर्यंत बघता येईल. खरा लाकडी किल्ला हवा तर हिमेजीचा, १६०९ सालचा, पण आत बूट हातात घेऊन शिडीसारखे जिने चढायचे.

फुजीसाठी एक युक्ती. तोक्योहून क्योटोकडं जाताना शिनकानसेनमध्ये, म्हणजे त्या बुलेट ट्रेनमध्ये, उजव्या हाताची खिडकी घ्या, साध्या डब्यात ई नंबरची सीट. निघाल्यावर पाऊण तासाच्या आसपास शिन-फुजी स्टेशनच्या आधी-नंतर दिसतो, दिसला तर दिसला. त्याच्यासाठी अख्खा दिवस वाया घालवू नका. आणि मोठ्या बॅगा घेऊन या गाडीत चढू नका, लांबी रुंदी उंची मिळून १६० सेंमीच्या वर गेली की मागच्या जागेचं वेगळं रिझर्वेशन लागतं. हॉटेलवरून पुढच्या हॉटेलला बॅगा कुरियरनं जातात, दुसऱ्या दिवशी पोहोचतात, आजपर्यंत माझी एकही हरवली नाही.

आणि ७ दिवसांचा रेल्वे पास डोळे झाकून घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो २९,६५० येनवरून एकदम ५०,००० वर गेला. तोक्यो-क्योटो एका बाजूचं तिकीट साधारण १४ हजार येन पडतं. तुमचा प्रवास मांडा आणि बेरीज करा, बहुतेकदा सुटं तिकीटच स्वस्त पडेल.

हुरडापार्टी

जपानातल्या त्या गरम पाण्याच्या कुंडात पंचा नेसून उतरता येतं का हो? मित्रासाठी विचारतोय 😄

तोक्योवहिनी

नाही. काहीही नेसून नाही. आधी बाहेर स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची आणि मग कुंडात. छोटा टॉवेल असतो तो पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. बायका-पुरुष वेगळे असतात, मित्राला सांगा घाबरू नको म्हणून.

पूर्वभागकर

भुईकोट साहेब, तुमचे आप्पा मागावरचे हायेत आणि तुम्ही त्यांना सोन्याचं देऊळ दाखवायलाय? अहो नागोयाला न्या की! यादीत नागोयाचं नावच नाही बघा, टूरवाले तिथं थांबतच नाहीत, गाडी तिथूनच जाते तरी.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, आमच्याकडं आजोबांपासून माग, घरात तेलुगू बाहेर मराठी आणि मागाला शिव्या कन्नडमध्ये. २०१९ ला मशिनरीच्या कामासाठी गेलो होतो, एक दिवस रिकामा मिळाला, हॉटेलवाल्यानं सांगितलं टोयोटाचं म्युझियम बघा. मला वाटलं गाड्या असतील, वेळ घालवायला बरं म्हणून गेलो. आत शिरल्याबरोबर समोर काय, तर भला मोठा गोल माग! गाडी नाही काही नाही, माग. तेव्हा कळलं की टोयोटा ही मुळात मागवाल्यांची कंपनी. साकिची तोयोदा म्हणून सुताराचा पोरगा होता, आई हातमागावर विणायची ते बघत मोठा झाला, १८९० मध्ये लाकडी हातमाग तयार केला, मग यंत्रमाग, मग १९२४ ला टाइप जी नावाचा ऑटोमॅटिक माग. त्या मागात काय केलंय माहितंय का, बाण्याचं म्हणजे आडवं सूत संपलं की माग न थांबता ते सूत नेणारा भरलेला धोटा आपोआप आत जातो आणि रिकामा बाहेर पडतो. आणि ताण्याचा म्हणजे उभा एक जरी धागा तुटला तर माग जागच्या जागी थांबतो, खराब कापड विणतच नाही. १९२९ मध्ये याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं घेतले, ज्यांचे माग जगभरच्या गिरण्यांत चालायचे त्याच कंपनीनं! आणि मोटारीचा धंदा त्या पैशावर उभा राहिला असं तिथं सांगतात.

इमारत पण जुनी लाल विटांची, त्यांच्याच गिरणीची. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माग काचेत ठेवलेले नाहीत, तिथली माणसं चालवून दाखवतात. कापसाचं बोंड हातानं सोलून सूत काढण्यापासून ते आत्ताच्या कॉम्प्युटरच्या मागापर्यंत ओळीनं. मी सकाळी दहाला गेलो आणि दुपारी गाड्यांच्या विभागात पोचलो तेव्हा पाय गळाले होते, गाड्या काय बघितल्या नाहीत. नागोया स्टेशनवरून लोकल गाडीनं एकच स्टेशन, साको. सोमवारी बंद असतं तेवढं बघा.

टॉवेल_ताणाबाणा

वरच्यांना दुजोरा. आमचा टॉवेलचा धंदा, एक्स्पोर्टचा, म्हणून मी पुढचं सांगतो, हे सगळ्यांसाठी नाही. शिकोकू बेटावर इमाबारी म्हणून गाव आहे, जपानचं सोलापूर म्हणा. टॉवेल म्हणजे इमाबारी. तिथं शिक्का मिळायच्या आधी टॉवेलचा छोटा तुकडा कापून पाण्यावर टाकतात, पाच सेकंदांच्या आत बुडला तर पास. मी घरी येऊन आमचा टॉवेल कापून बादलीत टाकला. निकाल सांगणार नाही, धंद्याचा प्रश्न आहे 🙏

खरी गंमत अशी की त्यांचंही आपल्यासारखंच झालं होतं. बाहेरचा स्वस्त माल आला, कारखाने पटापट बंद पडले, मग २००६ पासून सगळ्यांनी मिळून एकच नाव एकच खूण केली आणि माल तपासूनच खूण लावायची असं ठरवलं. आपल्या चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळून किती वर्षं झाली, आणि चौकाचौकात "सोलापुरी चादर" म्हणून काय काय विकतात ते सगळ्यांना माहितीय. असो, विषय जपानचा आहे, माझं सुरू झालं की थांबत नाही.

पण दहा दिवसांत इमाबारी बसवू नका, लांब पडतं. क्योटोत असाल तेव्हा निशीजिन भागात जा, किमोनोच्या भारी कापडाचा मोहल्ला. त्यांनी १८७० च्या दशकात माणसं फ्रान्सला पाठवून जकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, आणला. तोच जकार्ड, ज्याच्यावर आपली चादर निघते. गल्लीत हळू चाललात तर घरातून खटखट ऐकू येते.

भुईकोट८४

अरे बापरे एवढं सगळं! मनापासून आभार. आप्पांना नागोयाचं सांगितलं तर म्हणाले, "गाडी बघायला शोरूममध्ये जातो की, त्याला जपान कशाला." माग आहेत म्हटलं तर म्हणाले, "आयुष्यभर तेच बघितलं, आता पैसे देऊन बघू?" आता काय करू. आई म्हणायलीय त्यांचं ऐकू नको. हिरोशिमाचं पण कुणीतरी सांगा, मुलगी मागं लागलीय, शाळेत धडा होता म्हणून, पण तिला झेपेल का?

निवृत्त_मास्तर

मी शाळेत इतिहास शिकवला, हिरोशिमाला २०१८ साली जाऊन आलो, त्यामुळं लिहितो. म्युझियममध्ये एक तीनचाकी सायकल आहे, गंजलेली. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठ वाजता एक तीन वर्षांचा मुलगा अंगणात ती चालवत होता. वडिलांनी त्याला एकट्याला स्मशानात पाठवायला नको म्हणून घराच्या मागं सायकलीसकट पुरलं, आणि कित्येक वर्षांनी अवशेष काढून नीट कबरीत ठेवले तेव्हा सायकल म्युझियमला दिली. सहावीतल्या मुलीला हे सांगून मग न्या, न सांगता नेऊ नका. आतले काही फोटो मोठ्यांनाही सहन होत नाहीत. बाहेर बागेत सादाको सासाकीचं स्मारक आहे, १९५५ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेलेली मुलगी, तिथं जगभरच्या शाळांतली पोरं कागदाचे बगळे पाठवतात, ते मुलीला नक्की दाखवा. घडी घालून एक बगळा घरूनच न्या.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून तिथं जात नव्हती. आपण डॉ. कोटणीसांच्या गावचे. भैय्या चौकातल्या स्मारकात मी दरवर्षी पोरांना घेऊन जायचो. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, जपाननं चीनवर केलेल्या हल्ल्यातल्या जखमींसाठी, त्यातले कोटणीस तिथंच राहिले आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले. म्हणजे मी चाळीस वर्षं पोरांना जपानी सैन्यानं काय केलं ते शिकवलं, आणि त्या सायकलीपुढं उभं राहिलो तर एक शब्द सुचेना. शेजारी एक जपानी आजोबा होते, त्यांनी खुणेनं विचारलं कुठले, मी इंडिया म्हटलं, त्यांनी वाकून नमस्कार केला, मीही केला. एवढंच.

प्रवासाचं म्हणाल तर क्योटोहून पावणेदोन तासात पोचता, एका दिवसात जाऊन येता येतं, पण त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

हुरडापार्टी

एवढ्या गंभीर पोस्टनंतर मी हरणांवर येतो, माफ करा. नारा सोडू नका! हजाराच्या वर हरणं रस्त्यावर मोकळी, आपल्याकडं गाई बसतात तशी. बिस्किटं विकत मिळतात, हातात धरली की हरीण खरोखर मान वाकवून नमस्कार करतं. एकदा नमस्कार, दोनदा नमस्कार, तिसऱ्यांदा बिस्कीट दिलं नाही तर सरळ शर्ट ओढतं. माझ्या बायकोच्या पर्समधला नकाशा खाल्ला. आणि तोदाईजीचा बुद्ध, पंधरा मीटरचा ब्राँझचा, दारातून आत गेलो आणि आपोआप आवाज बंद झाला आमच्या सगळ्या ग्रुपचा, जे सोलापूर सोडल्यापासून झालं नव्हतं. त्याचे डोळे ७५२ साली कुणी "उघडले" माहितीय का, बोधिसेन नावाच्या भारतातल्या भिक्षूनं! हातात कुंचला घेऊन डोळे रंगवले आणि कुंचल्याला लांब दोऱ्या बांधून खाली उभ्या लोकांनी धरल्या होत्या म्हणे. बाजूच्या एका खांबाला बुद्धाच्या नाकपुडीएवढं भोक आहे, त्यातून पोरं आरपार जातात. मी प्रयत्न केला. हुरडा पार्ट्या नडल्या.

जागा सपाट आहे, आप्पांच्या गुडघ्याला चालेल.

भुईकोट८४

मंडळी, जाऊन आलो! नोव्हेंबरच्या शेवटी. उशिरा लिहायलोय कारण आल्या आल्या गड्ड्याच्या जत्रेची तयारी, लग्नसराई, राहून गेलं.

२३ ची यादी टूरवाल्याला परत दिली आणि वहिनींच्या भरवशावर आमचं आम्ही गेलो. तोक्यो ३ दिवस, नागोया १, क्योटो ४ (त्यात एक दिवस नारा), परत तोक्यो. ओसाका, हाकोने, बांबूचं बन सगळं उडवलं. हिरोशिमा ठरलं होतं पण त्या दिवशी आप्पांचा गुडघा सुजला, मुलीनं केलेला बगळा तसाच परत आला, ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही त्यावरून. मास्तर, तिला तुमची पोस्ट वाचायला दिलीय.

चुका पण झाल्या. शिंजुकू स्टेशनला २०० च्या वर दरवाजे आहेत, आम्ही चुकीच्या दारानं बाहेर पडलो आणि बरोबर दार शोधण्यात पाऊण तास गेला, आई म्हणाली सिद्धेश्वर एक्स्प्रेसला मी डोळे मिटून डबा शोधते, इथं उघडे ठेवून सापडेना. क्योटोतल्या कियोमिझूच्या देवळाला खालून वर चढ आहे हे कुणी नीट सांगितलंच नाही हो. आप्पा अर्ध्या वाटेत चहाच्या दुकानात बसले आणि म्हणाले तुम्ही या जाऊन. वर लाकडाचा सज्जा आहे, तेरा मीटर उंच खांबांवर, खिळ्याशिवाय बांधलेला, खाली सगळी लाल पानं, बायको म्हणाली इथं फोटो नको काढू नुसतं बघ. खाली आलो तर आप्पांनी तीन कप चहा पिऊन दुकानवाल्या आजीबाईंशी दोस्ती केलेली, भाषा कुठली ते विचारू नका. फुजी ई सीटवरून दिसला, पूर्ण, बर्फासकट, दोन-तीन मिनिटं. आईनं हात जोडले.

आता नागोया. आप्पा आत शिरेपर्यंत कुरकुरत होते. पुढं एका मोठ्या हॉलमध्ये माग ओळीनं लावलेले, एका युनिफॉर्मवाल्या बाईंनी एक सुरू केला. खट खट खट सुरू झालं तसं आप्पांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाले, "हे ऐकायला मशीन लागत नाही." मग त्यांनी आमच्याकडं वळूनच बघितलं नाही. टाइप जी पुढं उभे राहिले ते धोटा बदलेपर्यंत. बदलला. माग थांबला नाही. परत बदलेपर्यंत थांबले. तिसऱ्यांदा पण. मग पाटीवरचं साल मला वाचायला लावलं. १९२४ म्हटल्यावर बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "आणि मी नव्वद साली हातानं धोटा बदलायचो. कांडी संपली की माग बंद, धोटा काढ, नवा घाल, सुरू कर. दिवसाला शंभरदा. आमच्या मालकानं हे बघितलं नसंल का?" मला काय उत्तर देता येईना. रागानं म्हणाले का कसं तेही कळलं नाही.

नंतर त्या बाईंनी ताण्याचा एक धागा मुद्दाम तोडून दाखवला, माग थांबला, त्यांनी गाठ मारली. आप्पांनी हात पुढं केला, त्यांना वाटलं काही हवंय, त्यांनी सुताचा तुकडा दिला. आप्पांनी एका हाताच्या दोन बोटांत मागवाल्यांची गाठ मारून परत दिला, बघायला पण वेळ लागला नाही एवढ्यात. त्या बाईंनी चष्मा सारून गाठ बघितली आणि दुसऱ्या बाईंना हाक मारून बोलावलं, मग तिसऱ्यांना. आप्पांनी सहा-सात गाठी मारल्या. गाड्या आम्ही पण बघितल्या नाहीत @पूर्वभागकर.

आई सांगायलीय तोक्योवहिनींना निरोप द्या, मुळ्याच्या गणपतीला जाऊन आलो, मुळा वाहिला, प्रसाद म्हणून दुसरा मुळा मिळाला तो हॉटेलच्या खोलीत चटणीबरोबर खाल्ला. आणि जे जाणार आहेत त्यांच्यासाठी, शेंगाचटणी आम्ही अर्धा किलो नेली होती, पाच माणसांत चौथ्या दिवशी संपली. दीड किलो न्या.

हुरडापार्टी

पंचाचं काय झालं? आप्पा उतरले का कुंडात?

भुईकोट८४

उतरले. टॉवेल डोक्यावर ठेवून. बाहेर आल्यावर टॉवेलचं पोत चोळून बघितलं आणि म्हणाले पाणी बरं पितोय. @टॉवेल_ताणाबाणा तुम्हाला कळवायला सांगितलंय.